चिखलातली लॉग फाइल

स्टॅनली आणि लिव्हिंग्स्टन यांची १८७१ सालची ती सुप्रसिद्ध भेट झाली उजीजीला, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या काठावर. गोष्ट बहुतेक ठिकाणी तिथेच संपते. मला मात्र त्या सरोवराचा पुढचा इतिहास जास्त भारी वाटतो, आणि तो माशांचा आहे.

टांगानिका जवळजवळ दीड किलोमीटर खोल, टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया अशा चार देशांत वाटलेलं. इथले मच्छीमार रात्री होडीवर दिवे लावतात आणि उजेडाकडे येणारे छोटे छोटे मासे जाळ्यात धरतात. टांझानियात या माशाला 'दगा' म्हणतात. नावावर जाऊ नका, गरिबाच्या ताटातला हाच भरवशाचा मासा!

तर हा दगा कमी होत गेला. बोट अर्थातच मच्छीमारांकडे गेलं. माणसं वाढली, जाळी वाढली... खोटं नाही, पण अर्धंच.

सरोवरात पोषक द्रव्यं खाली साचतात आणि ऊन पडतं वर. मे ते सप्टेंबर दक्षिणेचा वारा पाणी ढवळतो, तेव्हा खालचं खत वर येतं. त्यावर शेवाळ, त्यावर सूक्ष्म जीव आणि त्यांच्यावर मासे. पण वरचं पाणी तापलं की हलकं होऊन झाकणासारखं बसतं, वाऱ्याला दाद देत नाही. २००३ साली 'नेचर'मध्ये कॅथरीन ओ'रायली आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला, की शेवाळाची वाढ सुमारे २०% घटली असावी आणि त्यापायी मासळी सुमारे ३०%.

आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की आधी लॉग बघतात, कोण काय म्हणतंय ते नंतर. सरोवराचा लॉग म्हणजे तळाचा गाळ. अँड्र्यू कोहेन आणि सहकाऱ्यांनी त्यातले माशांचे अवशेष थराथराने मोजले. २०१६ साली निष्कर्ष आला: पाणी तापू लागलं तसे मासे घटू लागले, तेही एकोणिसाव्या शतकापासून. मोठी व्यापारी मासेमारी आली विसाव्या शतकाच्या मध्यावर. म्हणजे गुन्हा सुरू झाला तेव्हा संशयित जागेवर नव्हताच!

२०२४ मध्ये टांझानियाने तीन महिने इथली मासेमारी बंद ठेवली. योग्यच केलं, माशांना वाढायला उसंत मिळते. पण बंदीने झाकण निघत नाही. ते ज्यांच्या धुराने आणखी घट्ट होतंय (त्यात तुम्हीआम्हीही आलो), त्यांना तीन महिने घरी कोण बसवणार?