उचल आणि बाँड

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या नोकरीच्या पत्रात कधी कधी एक अट असते : प्रशिक्षणकाळात वेतन नाही, आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास त्याच प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा. या अटीला जुना पूर्वज आहे. इंग्रजी अमदानीतील १८५९ च्या १३ व्या कायद्यानुसार, उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम होई. तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. १९२५ मध्ये हा कायदा रद्द करण्यात आला. मात्र त्या कठोर कायद्यातही मालकाला आधी उचल द्यावी लागे. बिनपगारी प्रशिक्षणात हाती छदामही न पडता कर्ज उभे राहते.

याचा अर्थ प्रत्येक बाँड फसवा असतो, असा नव्हे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे सेवेची, अन्यथा दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण तेथे नोकरी खरी आणि पगारी होती. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कागदावरची रक्कम ही केवळ कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सही करण्यापूर्वी म्हणूनच एवढे विचारावे : मला असे काय मिळणार आहे, की ज्याची ही परतफेड?