काळ्या दांडीतला गंधक

फ्रान्समधल्या जुरा डोंगररांगेतलं सँ-क्लोद हे गाव मुळात लाकूड कातणाऱ्यांचं. जपमाळेचे मणी आणि तपकिरीच्या डब्या हा तिथला जुना धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या ब्रायर झुडपाच्या बुडाची गाठ या कारागिरांच्या हाती लागली. हे लाकूड आचेला दाद देत नाही, त्यामुळे तंबाखू भरायची वाटी त्यात बेलाशक कोरता येते. बघता बघता गाव पाइपसाठी प्रसिद्ध झालं. वाटीचा प्रश्न असा सुटला, पण दातांत धरायच्या दांडीचा सुटायचा होता.

शिंगाची दांडी थुंकीनं फुगायची, तिचे पापुद्रे निघायचे. बाल्टिकच्या किनाऱ्यावरचा अंबर देखणा, पण महाग आणि ठिसूळ. हातातून निसटला की तुकडे.

उत्तर आलं रबराकडून. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. त्यात गंधक मिसळून तापवलं की ते ताळ्यावर येतं, ही चार्ल्स गुडइयरची युक्ती. तिचं अमेरिकन पेटंट 1844 चं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं त्याच सुमारास आपलं पेटंट मिळवलं. गंधक थोडा असेल तर रबर लवचीक राहतं. तो चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत नेला आणि मिश्रण तासन्‌तास तापवलं, तर कातता, कापता, चकाकवता येणारा काळाभोर, टणक पदार्थ तयार होतो. तोच व्हल्कनाइट किंवा एबोनाइट. चार्ल्सचा भाऊ नेल्सन यानं 1851 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी लंडनच्या जागतिक प्रदर्शनात गुडइयरनं आपल्या रबरी वस्तूंचं मोठं दालन थाटलं.

कंगवे, कवळ्या, फाउंटन पेनं आणि पाइपच्या दांड्या, सगळीकडे हे काळं रबर शिरलं. दांडीसाठी तर ते जणू बेतूनच केलेलं होतं: ऊब दिली की वाकतं, गार झालं की आकार धरतं, आणि दाताला कठीण लागत नाही.

खोट निघाली ती गंधकातच. उजेड, हवा आणि ओल एकत्र आली की पृष्ठभागावरच्या गंधकाचं हळूहळू आम्ल बनतं. तकाकी जाते, काळा रंग आधी हिरवट, मग पिवळट-तपकिरी होतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि जिभेला कडवट चव लागते. पाइपवाल्यांना तो मळ वाटतो, पण तो मळ नव्हेच. पदार्थच वरून झिजू लागलेला असतो. दागिन्यांतही हेच दिसतं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा राजपुत्र अल्बर्ट याच्या मृत्यूनंतर, 1861 पासून, इंग्लंडमध्ये शोकाच्या काळ्या दागिन्यांची लाट आली. त्यातले व्हिटबीच्या अस्सल जेट दगडाचे दागिने आजही काळे आहेत. व्हल्कनाइटचे स्वस्त नकली मात्र पिंगट पडलेत.

मळ समजल्यामुळे उपायही धुण्याचेच निघाले, आणि त्यांनी बरंच नुकसान केलं. गरम पाण्यानं तर रंग आणखी लवकर जातो. ब्लीचमध्ये बुडवलेल्या दांडीचा पिवळा थर सुटतो खरा, पण खाली बारीक खड्डे राहतात. मग ते घासून काढा. प्रत्येक घासणीत दांडी थोडी झिजते, दातात धरायची कड बोथट होते. डनहिल कंपनीच्या पाइपच्या दांडीवरच्या पांढऱ्या ठिपक्यासारखी खूणही त्यात धोक्यात येते, म्हणून जाणकार आधी तिच्यावर व्हॅसलीन लावून ठेवत. खरा इलाज कंटाळवाणा आहे: ओढून झाल्यावर दांडी कोरडी पुसायची, तेलाचा पातळ हात फिरवायचा किंवा कार्नोबा मेण चढवायचं, आणि पाइप उन्हात, दुकानाच्या काचेच्या कपाटात न ठेवता अंधारात ठेवायचा. दिवाणखान्यात मांडायच्या वस्तूला अंधारात ठेवा म्हणणं जरा क्रूरच!

विसाव्या शतकात अ‍ॅक्रिलिक आलं. ते पिवळं पडत नाही, पुसलं की पुन्हा नवं. इटलीतल्या बऱ्याच कारखान्यांनी ते आपलंसं केलं; पण दाताला ते टणक लागतं, म्हणून एबोनाइटचे चाहते आजही देखभालीचा त्रास पत्करतात. काही कारागीर लाल-काळ्या धारींचं एबोनाइट वापरतात. त्यावर तपकिरी छटा फारशी उठून दिसत नाही. आपल्याकडे राजमुंद्रीच्या रत्नम यांची स्वदेशी एबोनाइट पेनं नावाजली; त्यांतलं एक 1935 साली गांधीजींपर्यंत पोचलं. जुनं एबोनाइटचं पेन बाळगणाऱ्याला पिंगटपणाची ही ओळख नवी नसते.

वस्तुसंग्रहालयांत अशा वस्तू चांदीपासून दूर ठेवतात, कारण रबरातून सुटणारा गंधक चांदी काळी करतो. जुन्या उंची पाइपवर मात्र दांडी आणि वाटीच्या सांध्याला नेमकं चांदीचंच कडं बसवलेलं असायचं.