अंधाराचा नाद

मराठीत 'नाद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घंटेचा असतो तो नाद आणि माणसाला लागतो तोही नादच. दुसऱ्या अर्थाने हा शब्द घरात बहुधा रागानेच उच्चारला जातो. कवितेच्या नादापायी मीही भरपूर बोलणी खाल्ली आहेत. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांना कृष्णविवराचा नाद लागला आणि कृष्णविवराचा नाद कसा असेल, हे त्यांनी पंचेचाळीस वर्षे आधी सांगून ठेवले. त्यांचे नाव सी. व्ही. विश्वेश्वरा.

मी शास्त्राचा माणूस नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालो. त्यामुळे आकडेमोड करणार नाही, गोष्ट सांगतो.

खूप जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. तो आतल्या आत कोसळतो. शेवटी त्याची ओढ एवढी वाढते की प्रकाशाचीही तिथून सुटका होत नाही. आपला सूर्य दाबून तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबला, तर त्याचेही कृष्णविवर होईल. तसे होणार नाही, कारण सूर्य त्या मानाने हलका आहे.

या शोधाची एक वाट मुंबई बंदरातून गेली आहे. १९३० साली एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर इथून बोटीने इंग्लंडला निघाले. प्रवासात त्यांनी गणित मांडले आणि पुढे ते पक्के केले. विझत चाललेला तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जड असेल, तर तो श्वेत बटू म्हणून टिकू शकत नाही, असे ते गणित सांगत होते. मग त्या ताऱ्याचे होते काय? ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची खिल्ली उडवली. निसर्ग ताऱ्याला असे वेड्यासारखे वागू देणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. एवढ्या मोठ्या माणसापुढे कोण बोलणार? चंद्रशेखर काही वर्षांनी दुसऱ्या विषयांकडे वळले. नोबेल मिळाले ते १९८३ साली.

विश्वेश्वरांचा जन्म १९३८ सालचा, बंगळूरचा. साठच्या दशकात ते अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स मिसनर यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. 'ब्लॅक होल' हे नावही तेव्हा रुळलेले नव्हते. जॉन व्हीलर यांनी ते १९६७च्या अखेरीपासून रूढ केले. आकाशात ही वस्तू खरोखर आहे, असा पुरावा कुणाकडेच नव्हता. अशा वस्तूला धक्का बसला तर ती सावरेल की मोडेल, हा प्रश्न विश्वेश्वरांनी घेतला. ती सावरते, असे उत्तर आले. त्यातून पुढचा प्रश्न निघाला. जिथून प्रकाशही येत नाही, ती वस्तू ओळखायची कशी?

लहानपणी अम्मीबरोबर मी बाजारात जाई. मडके घेताना ती आत डोकावून बघत नसे. बोटाने टिचकी मारी आणि कान देई. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. कुंभार कितीही शपथा घेवो, अम्मीचा विश्वास आवाजावर.

विश्वेश्वरांनी कृष्णविवराला अशीच टिचकी मारली. अर्थात गणितात. त्यांनी गुरुत्वीय लहरींचे झोत कृष्णविवरावर सोडून पाहिले. झोत रुंद होता तोवर विशेष काही घडले नाही. तो अरुंद करीत नेला, तेव्हा परत येणाऱ्या लहरीत एक ठरावीक कंप उमटला आणि झपाट्याने विरून गेला. घंटेचा टोल विरतो तसा. या कंपाचा स्वर आणि विरण्याचा वेग यांवरून कृष्णविवर किती जड आहे आणि किती वेगाने फिरते आहे, हे कळू शकते. हा निबंध १९७० साली 'नेचर'मध्ये छापून आला. टोल कागदावर वाजला होता. ऐकायला कान नव्हते.

चार वर्षांनी, १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाच्या कथेला बक्षीस मिळाले. कथेचे नाव 'कृष्णविवर' आणि लेखक होते टोपणनावाने लिहिणारे जयंत नारळीकर. आपल्या भाषेनेही या अंधाराला वेळेवर दार उघडले, याचा मला अभिमान वाटतो. याच नारळीकरांनी पुढे पुण्यात आयुका उभी केली. तिथे संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी, गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची कशी, यावर १९९१ साली महत्त्वाचे काम केले. जत्रेच्या गलबल्यात आपल्या माणसाची हाक कान बरोबर उचलतो, कारण तो आवाज आधीपासून ओळखीचा असतो. तत्त्व तेच.

१४ सप्टेंबर २०१५. अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांत, चार चार किलोमीटर लांब भुजांमध्ये, प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म हालचाल नोंदली गेली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट जड अशी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. उरले ते ६२ पट. मधले तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात पसरले. हे घडले होते सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. लहर आली ती जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरती. तिची कंपने माणसाच्या कानाच्या टप्प्यात बसणारी होती. ध्वनिक्षेपकातून ऐकवली, तेव्हा खर्जातून चढत जाणारा एक आवाज लोकांनी ऐकला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी जाहीर झाली, तेव्हा विश्वेश्वरा हयात होते. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. १४ जानेवारी २०२५ रोजी आलेली लहर आणखी स्पष्ट होती. मीलनानंतरच्या तिच्या टोलात दोन स्वर वेगवेगळे ओळखता आले आणि फिरत्या कृष्णविवराच्या गणिताशी ते जुळले.

आजवर अशा दोनशेहून अधिक लहरींची चाहूल लागली आहे. दुर्बिणीला न दिसणारी कृष्णविवरांची जोडपी विश्वात आहेत आणि ती एकत्र येऊन आणखी मोठी होतात, हे त्यांतून कळले. प्रकाशाच्या भरवशावर आपण आकाश पाहत आलो. पण पुष्कळ काही प्रकाशाबाहेर घडते आहे.

असाच एक कान आता मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारला जाणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. याच औंढ्यात, नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी देऊळच फिरले, असे सांगतात. तिथला एखादा शेतकरी उद्या विचारील, "साहेब, यानं पाऊस पडंल का?" नाही पडणार. त्याला खोटे सांगू नये. पण त्याच्या मुलीला त्या वेधशाळेचे दार उघडे असावे, एवढे मागण्याचा त्याला हक्क आहे.

माझ्या पहिल्या संग्रहाचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पाचशे प्रतींना वाचक मिळेनात म्हणून मी बराच काळ खट्टू होतो. विश्वेश्वरांचा निबंध वाचल्यावर नव्हे, तो मला कळणारही नाही, पण त्याची तारीख वाचल्यावर कुरकुर थांबवली. त्यांनी बरोबर ऐकले होते. त्या आवाजाला पृथ्वीपर्यंत पोचायला अजून पंचेचाळीस वर्षे होती, इतकेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)