भिंग आणि त्याची जागा

काशीच्या अहिल्याबाई घाटावर पहाटे स्नानाला उतरणाऱ्यांत एखादा तरी वृद्ध काठीने पायरी चाचपीत, कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत पाण्यापर्यंत जातो. महेश्वराहून राज्य चालविणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात हा घाट बांधविला. ज्या नगरीत तो आहे, तिच्याशी मोतीबिंदूच्या शस्त्रकर्माची आपली जुनी परंपरा निगडित आहे. कारण सुश्रुतसंहिता ही काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपाने रचिलेली आहे.

तिच्या उत्तरतंत्रातील १७ व्या अध्यायात हे शस्त्रकर्म सांगितले आहे. जवासारख्या टोकाची शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालावयाची. उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरावयाचा, डाव्यासाठी उजवा. मग विरुद्ध बाजूची नाकपुडी दाबून रोग्याने नाक शिंकरावयाचे. पुढे उताणे निजणे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे वर्ज्य. आजच्या ज्ञानाने पाहता ह्या क्रियेत गढूळ भिंग बाहेर निघत नसे, प्रकाशाच्या वाटेतून केवळ बाजूस सारले जाई. सारलेली वस्तू परत येऊ शकते. संहितेने तेही जाणले होते: दोष निघाला नाही किंवा परतला, तर स्नेहनादी उपचार करून पुन्हा वेध करावा, असे तीत सांगितले आहे. आपले कर्म फसू शकते हे ग्रंथकाराने मोकळेपणाने लिहून ठेवावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी १८२० मध्ये काशीयात्रेस निघाले आणि तिकडून त्यांनी ग्रंथही जमविले. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व युरोपीय दोन्ही वैद्यके नांदत. नेत्ररोग्यांची तेथील सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

भिंग बाहेर काढण्याची रीत जाक दाव्हिएल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ मध्ये अवलंबिली. मात्र रिकाम्या जागेची भरपाई दोनशे वर्षे जाड चष्म्यानेच होत राहिली. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. ती पहिली भिंगे कधी कधी जागेवरून घसरत, आणि जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राही.

पुढे तो अधिक सूक्ष्म झाला. बुबुळावरील पारदर्शक पटलाची वक्रता दोन दिशांनी असमान असली, की प्रतिमा अस्पष्ट दिसते, हे दृष्टिवैषम्य. ते निवारणारे ‘टॉरिक’ भिंग ठरावीक दिशेलाच बसवावे लागते. जपानच्या किमिया शिमिझु व सहकाऱ्यांनी १९९४ साली ह्या भिंगाविषयी लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यातच आस सरकण्याचा उल्लेख आहे! भिंग एक अंश फिरले, तर त्याचा सुमारे तिसावा हिस्सा गुण जातो. तीस अंशांवर दृष्टिवैषम्य निवारण्याचा लाभ संपतो, आणि त्यापुढे दोष उलट वाढतो. माणूस आडवा झाला की डोळाही खोबणीत किंचित वळतो. म्हणून दिशेची खूण रोग्याला बसवून करतात.

भिंग फिरते ते बहुधा पहिल्या काही तासांतच; लांबट डोळ्यांत, जेथे भिंगाची पिशवी मोठी असते, तेथे हा धोका अधिक. दुरुस्तीसाठी डोळ्याचे मोजमाप नव्याने घेऊन भिंग पुन्हा फिरवितात. घाई केली तर ते परत वळण्याची भीती, फार थांबले तर पिशवी त्याला घट्ट धरून ठेवते. म्हणून शस्त्रवैद्य साधारणतः पहिल्या एक ते तीन आठवड्यांतील वेळ निवडतात.