तालमीचं दार उघडणारा वस्ताद

आपली पोरं टीव्हीवर चिनी कुंगफूचे सिनेमे डोळे फाडून बघतात. त्यातले काही गुरू खरोखर होऊन गेले. हुओ युआनज्या हे त्यातलं मोठं नाव. १९१० साली शांघायला त्यांच्या नावाभोवती एक संस्था उभी राहिली आणि पुढे तिथे बायकाही ही विद्या शिकू लागल्या. पण असे वस्ताद बघायला चीनला कशाला जायचं? आपल्या पुण्यात त्यांच्याही आधी एक वस्ताद होऊन गेले. आज त्यांची गोष्ट सांगतो.

त्यांचं नाव लहुजी राघोजी साळवे. जन्म १४ नोव्हेंबर १७९४, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, मांग समाजात. घराणं शस्त्र चालवणारं. लहुजी वडिलांच्या हाताखालीच तयार झाले. १८१७ साली खडकीला इंग्रजांशी लढाई झाली, त्यात वडील पडले असं सांगतात. पेशवाई बुडाली. मग १८२२ च्या सुमारास लहुजींनी पुण्याच्या गंजपेठेत तालीम काढली.

तालीम काढली, त्यात एवढं काय, असं वाटेल. तर ऐका. पेशवाईत मांग-महार माणूस तालमीपुढून नुसता चालत गेला तरी त्याचं डोकं उडवत, आणि गुलटेकडीच्या मैदानात त्या डोक्याचा चेंडू करून खेळत, असं एका मुलीने लिहून ठेवलंय. त्या मुलीचं नाव पुढे सांगतो. ज्या दारासमोरून जायला मरणाची भीती, तसंच दार लहुजींनी स्वतः बांधलं, आणि ते सगळ्या जातींना उघडं ठेवलं.

आत तांबडी माती, जोर-बैठका, कुस्ती, लाठी, तलवार, नेमबाजी आणि दांडपट्टा. दांडपट्टा म्हणजे लांब लवचिक पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. तो फिरवायला मनगटाइतकीच पायांचीही तयारी लागते. २०२४ साली सरकारने दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

जोतीराव फुले याच तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडके, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे, तेही लहुजींचे शिष्य. १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंवर लोक शेणमाती फेकत, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा लहुजी पन्नाशी ओलांडलेले. शाळेच्या पाठीशी त्यांचे पठ्ठे उभे राहिले, अशी आठवण पुण्यात अजून सांगतात. पण त्याहून मोठं काम लाठीशिवायचं होतं. लहुजी आणि राणबा महार हे दोघं आपापल्या वस्तीत फिरले. पोरं शाळेत घाला, म्हणून घराघरांत समजूत घातली. वस्तादाचा शब्द वस्तीत चालायचा.

त्या शाळांतून शिकली साळवे कुळातलीच मुक्ता. मघाशी म्हटलं ती मुलगी हीच. वय वर्षं १४. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्चला तिचा निबंध दोन भागांत छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तालमीपुढच्या त्या मुंडक्यांबद्दल तिने त्यातच लिहिलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हेही तिनेच विचारलं. बाळंतिणीचं दुःख त्या काळी पेपरात कोण छापत होतं?

म्हणून आम्हाला वाटतं, लहुजींची खरी कमाई ही मुलगी. तालमीत अंग तयार झालं, शाळेत अक्षर आलं, आणि ज्यांना दारासमोरून जायची बंदी होती त्यांच्यातल्या पोरीने ती बंदीच कागदावर मांडली.

१७ फेब्रुवारी १८८१ ला लहुजी गेले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे. जन्मभर ते 'वस्ताद' याच नावाने ओळखले गेले.

आपल्या भिवंडी तालुक्यात मिरवणुकीत पोरं लाठी फिरवतात, पोरी बाजूला उभ्या राहून बघतात. येत्या फेब्रुवारीत गटाची बैठक असेल तेव्हा मुक्ताचा निबंध कुणीतरी मोठ्याने वाचा. आणि वाचून झाल्यावर एकच गोष्ट ठरवा: आपल्या गावात मुलींचं पाऊल पडत नाही अशी जागा कोणती? व्यायामशाळा, मैदान, ग्रामपंचायतीचं वाचनालय, जी असेल ती. पुढच्या आठवड्यात दोघी-तिघी मिळून तिथे आपल्या पोरींना घेऊन जा.