गाडगीळ, सुलोचना

गाडगीळ, सुलोचना : (७ जून १९४४ – २४ जुलै २०२५). भारतीय वातावरणशास्त्रज्ञ, मान्सूनच्या अग्रगण्य अभ्यासक. पूर्वाश्रमीच्या सुलोचना फाटक. जन्म पुणे येथे. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी व पुणे विद्यापीठातून उपयोजित गणितातील पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठात गेल्या आणि तेथे ॲलन रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली, अटलांटिक महासागरातील गल्फ प्रवाह नागमोडी वळणे का घेतो या प्रश्नाचे गणिती विवेचन करून १९७० मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. पुढे काही काळ त्यांनी ज्यूल चार्नी या विख्यात वातावरणशास्त्रज्ञाबरोबर काम केले. परदेशी विद्यापीठांची द्वारे खुली असताना १९७१ मध्ये पती, परिस्थितिविज्ञ माधव गाडगीळ, यांच्यासह त्या स्वदेशी परतल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत दोन वर्षे काढल्यावर १९७३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाल्या, आणि वातावरण व महासागर यांच्या अध्ययनाचे जे केंद्र तेथे पुढे नावारूपास आले त्याच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा होता.

तप्त भूमी आणि तुलनेने शीतल समुद्र यांच्या तापमानातील तफावतीमुळे वाहणारा एक विराट खारा वारा, अशी मान्सूनची उपपत्ती एडमंड हॅली याने १६८६ मध्ये मांडली होती व ती शालेय पुस्तकांतून आजतागायत शिकविली जाते. परंतु भूमी सर्वाधिक तापते ती मे महिन्यात आणि पाऊस भरास येतो तो जुलैत. शिवाय ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी भूमी अधिकच तप्त असते, हे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत-आटपाडीच्या कोणत्याही वृद्ध शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असलेले वास्तव त्या उपपत्तीत बसत नाही. देवराज सिक्का यांच्या सहकार्याने गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या काळातील उपग्रहचित्रे दिवसागणिक तपासली आणि १९८० मध्ये ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे दाखवून दिले की, विषुववृत्ताजवळ आढळणारा मेघपट्टा आणि पावसाळ्यात उत्तर भारतावर स्थिरावणारा मेघपट्टा हे एकाच जातीचे आहेत. भूमीवरील पट्टा क्षीण झाला की दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हिंदी महासागरावरील नवा पट्टा उत्तरेकडे सरकून त्यास संजीवन देतो. मान्सूनचे मूळ समजून घेण्यासाठी समुद्राकडे पाहिले पाहिजे, हा या संशोधनाचा इत्यर्थ होय. समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८° से. या मर्यादेच्या वर गेल्याशिवाय उत्तुंग मेघांची निर्मिती सहसा होत नाही, हा निष्कर्ष त्यांनी पी. व्ही. जोसेफ व एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. १९९९ मध्ये ‘सागरकन्या’ आदी नौकांवरून बंगालच्या उपसागरात जी निरीक्षणमोहीम झाली, तिच्या आखणीतही त्यांचा पुढाकार होता.

पॅसिफिकमधील एल निनो हा दुष्काळाचा एकमेव सूत्रधार नव्हे, हे त्यांचे प्रतिपादनही महत्त्वाचे आहे. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असताना पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये एल निनो त्या मानाने सौम्य असूनही देशात दुष्काळ पडला. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पूर्व व पश्चिम भागांवरील मेघसंभारात आलटून-पालटून होणारे आंदोलन हा दुसरा घटक २००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. १९९७ व २००२ या दोन वर्षांतील भेदाची उकल त्यामुळे झाली.

या संशोधनाचे व्यावहारिक मोल जोखावयाचे तर सातारा व सांगली या जिल्ह्यांसारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरी, वर्षाकाठी साधारणतः सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; तेथून पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले असे मानतात. सह्याद्रीने केलेली ही वाटणी कायमची आहे. पण वाटणीस येणारे बाष्प केव्हा व किती येणार हे समुद्रावर ठरते. त्यामुळे २००५, २०१९ व २०२१ या महापुराच्या वर्षांप्रमाणे कधी सांगलीकरांची नजर आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर खिळलेली असते, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस शेतकरी ताकारी, म्हैसाळ वा टेंभू योजनेचे आवर्तन केव्हा सुटेल याची वाट पाहतो. जिल्ह्याची सरासरी सरकारी दफ्तरास पुरेशी असेल; वाफसा पाहून पेरणी करणाऱ्यास उघडीप किती दिवसांची, परतीचा पाऊस रब्बीच्या ज्वारीस साधेल की नाही, हे कळावे लागते.

जिरायत शेतीविषयीचे त्यांचे कार्य कर्नाटकातील पावगड व त्यालगतच्या अनंतपूर भागात झाले. पारंपरिक मिश्र पिकांविषयीचे पिढीजात ज्ञान शेतकऱ्यांपाशी होते; भुईमुगाच्या नव्या वाणाबाबत ते नव्हते. पी. आर. शेषगिरी राव यांच्यासह त्यांनी दीर्घकालीन पर्जन्यनोंदी व पीकवाढीची गणिते यांची सांगड घालून, कोणत्या पंधरवड्यात पेरल्यास नुकसानीचा संभव किती, याचा हिशेब शेतकऱ्यांशी सल्लामसलत करून मांडला. प्रश्न शेतकऱ्याने विचारावा व शास्त्रज्ञाने तो शिरोधार्य मानावा, हा क्रम त्यांनी कटाक्षाने पाळला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची थोरवी या आग्रहात विशेष प्रकटते.

पुत्र सिद्धार्थ गाडगीळ या गणितज्ञांसह २००६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा हिस्सा घटत गेला तरी तीव्र दुष्काळाने होणारी हानी त्या उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतकीच राहिली. आणि १९८० नंतर उत्तम पावसाच्या वर्षी होणारा लाभ दुष्काळातील हानीच्या मानाने तोकडा पडू लागला. पाऊस साथ देईल याची शाश्वती नसल्यामुळे जिरायतदार खते व औषधे यांवर खर्च करण्यास धजत नाही, हे त्याचे एक कारण त्यांनी सांगितले. ही अनिश्चितता जोखण्याचे साधन हाताशी आहे : तालुका कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पावसाची नोंद होत आली आहे. आणेवारीच्या वेळी चाळण्यापुरत्या त्या नोंदी न ठेवता, पावगडच्या पद्धतीने त्यांचा हिशेब माण, आटपाडी व जतच्या शेतकऱ्यांसमवेत मांडणे, हे काम आपल्या कृषी विद्यापीठांनी अगत्याने हाती घ्यावे.