प्रतिजैविकांनंतरचा आतड्याचा संसर्ग : जुलाब नसतानाही

प्रतिजैविके घेतल्यावर लागणारे जुलाब बहुधा औषध संपताच शमतात. काही रुग्णांत मात्र त्यांचे मूळ ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिले’ या जंतूत असते. हॉल व ओटूल यांनी १९३५ मध्ये नवजात बालकांच्या विष्ठेत त्याची प्रथम नोंद केली. मोठ्या आतड्याच्या गंभीर दाहाशी त्याचा संबंध १९७८ मध्ये स्पष्ट झाला. औषधाने आतड्यातील उपकारक जंतू मेले की हा फोफावतो आणि त्याची विषद्रव्ये आतड्याच्या अस्तराला इजा करतात.

पातळ जुलाब, कळा व ताप हे त्याचे परिचित रूप. घात होतो तो अपरिचित रूपांत. अतिगंभीर आजारात आतड्याची हालचालच मंदावते. जुलाब थांबतात, पोट फुगते, रक्तातील पांढऱ्या पेशी फार वाढतात. घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटते आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. काहींच्या शरीरातील प्रथिने आतड्यावाटे जाऊन पायांवर सूज येते, पोटात पाणी साचते. क्वचित गुडघा सुजतो व रुग्ण अस्थितज्ज्ञाकडे जातो.

काळाचाही चकवा असतो. औषध संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या एकाच मात्रेनंतरही हा आजार उद्भवू शकतो. सिझेरियन झालेल्या तरुण मातांतही तो आढळला आहे.

रोवणीच्या दिवसांत ताप आला म्हणून घरात उरलेल्या गोळ्या घेणे गोंदिया जिल्ह्यातील वाचकांना अपरिचित नसावे. (स्क्रब टायफसवरील डॉक्सिसायक्लिनचा धोका तुलनेने कमी; क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील औषधांचा अधिक.) देवरी वा सालेकसाहून पोट फुगलेला रुग्ण गोंदियाला न्यावा लागला, तर गेल्या तीन महिन्यांतील गोळ्यांची पाकिटे व चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. तेथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शौचास होत नसल्यास विष्ठेची तपासणी अवघड होते. मग पोटाचा सीटी स्कॅन व ही माहितीच डॉक्टरांना दिशा देते.

व्हॅन्कोमायसिन येथे तोंडावाटे देतात. शिरेतून दिलेले आतड्याच्या पोकळीत पुरेसे पोहोचत नाही. आतडे थंडावले असल्यास ते नाकातील नळीने व गुदमार्गे देऊन जोडीला शिरेतून मेट्रोनिडॅझोल देतात. जुलाब थांबविणारी लोपेरामाइडसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये. या जंतूची बीजे अल्कोहोलयुक्त द्रवाने मरत नाहीत. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी साबण व वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत.